खालची फळी

हल्ली कोणत्याही वरातीत पाहा, गाडीवर लॅपटॉपमागे उभं असलेलं पोट्टं मधूनच दोन्ही हात वर करतं. मग खाली नाचणारेही करतात. दर्यापुरात करतात, अकोल्यात करतात, अमरावतीला माझ्या भाचीच्या लग्नात तर नवरदेवानं घोडीवर बसल्या बसल्या केले. स्टाइल आहे म्हणे. बाकीचे टीव्हीवर पाहून शिकले असतील, मला त्यांच्याशी घेणं नाही. पण आमच्या गावात हे हात पहिल्यांदा कोणी वर केले आणि कशाच्या भीतीनं केले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ते हात दिसले की माझ्या अंगावर काटा येतो, आणि काटा बसला की चीड येते.

त्याचं नाव गजानन. आमच्याकडे गल्लोगल्ली एक गजानन असतोच, म्हणून याला सगळे डीजे गजू म्हणत. माळीपुऱ्यात आमच्या भिंतीला त्याची भिंत, आणि त्याच्या पलीकडे रामदासभाऊंचं घर. गजूची आई, सुभद्रामाय, बाजारात फुलं विकायची. मी घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका छापायची. म्हणजे एकाच लग्नाच्या पत्रिका माझ्याकडे, हार मायकडे आणि वाजवणं गजूकडे, असा आमचा शेजार होता.

गजू उंच, हडकुळा आणि पांढऱ्या बुटांचा शौकीन. काळ्या मातीच्या गावात पांढरे बूट घालणारा माणूस एक तर मूर्ख असतो नाही तर हट्टी. हा दोन्ही होता. कानात कायम कापसाचे बोळे. गाव हादरवणारा हा माणूस बोलायचा मात्र इतका हळू की मला दर वाक्याला "काय म्हणतोस?" विचारावं लागे. स्वतः कधी नाचला नाही. कोणाच्याही घरी गेला की चहा यायच्या आत बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहायचा.

"हे तुमची नवी भिंत बेकार हाय, वयनी," तो मला म्हणाला होता. "मातीची भिंत बेस पिऊन घेते. हे पुरा घरात ढकलते."

"चहा पी आणि नीघ," मी म्हटलं. आठ महिने नवऱ्याच्या मागे लागून बांधून घेतलेली भिंत होती ती!

अकोल्याहून त्यानं लॅपटॉप आणि बटनांची पाटी आणली, ती एसटीत मांडीवर, चादरीत गुंडाळून. गाणी लावणं त्याला जमलं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या बटनांची मांडणी करायची एक खिडकी होती, ती सगळी इंग्रजीत. आला माझ्याकडे. आता पत्रिकेचं डिझाइन करणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार? पण कॉम्प्युटर आहे ना घरात, म्हणजे सगळं कळत असणार, अशी त्याची खात्री.

मी वाचत गेले. आवाजाचे तीन भाग, जड, मधला आणि बारीक, आणि प्रत्येकाला एक गोल बटन. पिळलं की तो भाग कमी-जास्त होतो. त्याशिवाय दोन पट्ट्या होत्या, एकीवर 'लो शेल्फ', दुसरीवर 'हाय शेल्फ'. जड आवाज कुठे संपतो आणि बारीक कुठे सुरू होतो, ते त्या पट्ट्या सरकवून ठरवायचं.

"शेल्फ म्हंजे?"

"फळी."

"मंग खालची फळी म्हणा ना सरळ!" त्याचा चेहरा उजळला. "हे तं मायच्या सैपाकघरावानीच हाय. गुंड-बगोणे खालच्या फळीवर, कपबशा वरतं." तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत बेसला खालची फळी हेच नाव पडलं.

त्याची मागणी एकच होती. बटन पिळलं की खालची फळी पुरी रिकामी झाली पाहिजे. "एक वाटीबी नाई राह्यली पायजे, वयनी." सॉफ्टवेअर मुळात तसं नव्हतं. बटन शेवटपर्यंत फिरवलं तरी दुरून कोणी उखळात कांडावं तसं धप-धप उरायचंच. शोधत शोधत एक पर्याय सापडला, ज्यात तो भाग मुळापासून बंद होत होता. मग राहिली ती पट्टी. ती त्यानं कानानं लावली नाही. मायच्या टोपलीतल्या शेवंतीच्या पाकळ्या स्टीलच्या ताटात पसरल्या, ताट माझ्या खोलीत जमिनीवर ठेवलं, भोंगे बाहेर रस्त्यावर. तो बाहेरून पट्टी सरकवायचा आणि मी ताटाशी उकिडवी बसून ओरडायची, "हलून राहिल्या!" पुन्हा सरकवायचा. "अजून हलून राहिल्या!" सगळी दुपार गेली. माझ्या पत्रिका तशाच पडल्या आणि नवरा जेवायला येऊन उपाशी परत गेला. शेवटी एकदाच्या पाकळ्या निपचित पडल्या, आणि बाहेर गाणं तर चालूच होतं. गजू आत आला, ताटाकडे पाहिलं, कानातले बोळे काढले.

"झालं," म्हणाला.

"अरे, पण एवढं कशासाठी?"

तेव्हा कळलं. आमच्याकडे रीत होती, मौत झालेल्या घरासमोरून वाजंत्री मुक्यानं जायची. घराचा उंबरा मागे पडला की पुन्हा वाजवायचं. डीजे आले आणि ती रीत गेली, कारण गाणं थांबलं की नाचणारे अंगावर येतात. "नवरदेवाचे दोस्त गाडीवरच चढते ना, वयनी. तं मी म्हनलं, गाणं राहू दे. गाणं रस्त्याचं, बेस घराचा. तो तेवढा घरात जाऊ नाई द्यायचा."

हे तो एखाद्या सभेत सांगितल्यासारखं सांगत नव्हता. भिंत वाजवत सांगत होता.

वरातीच्या दिवशी सकाळी दोन भिंतींमधून मला त्याचा आवाज यायचा. "माय, कुठंसा हार गेला?" मैतीच्या पांढऱ्या शेवंतीचा हार कोणाकडे गेला हे माय सांगायची. आळी, घर, दार कोणत्या तोंडाचं. गजू तेवढी घरं ध्यानात ठेवायचा. सुरुवातीला एखादं घर असे. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. माणूस कशानं गेला हे आमच्याकडे कोणी विचारेनासं झालं होतं, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मायची सकाळची यादी लांबत चालली. एका वरातीत मी स्वतः पाहिलं, बेस आला की थोड्या अंतरावर पुन्हा जायचा. बेस गेला की गाणं हलकं, पोकळ व्हायचं, आणि एकदम नाचणाऱ्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. पोट्टे नाचत राहायचे, पण पाय चुकायचे. एका दारातून एक तरणी बाई बाहेर आली, गाडीकडे पाहून तिनं हात जोडले आणि आत गेली. गजूनं मान खाली घातली. मला गर्व वाटला त्याचा, खोटं कशाला सांगू?

आणि मग उत्तमरावांचं झालं.

उत्तमराव म्हणजे आमच्या आळीच्या तोंडाशी राहणारे किराणावाले. गडगडाटी हसणारा माणूस. त्या सकाळी मायनं गजूला सांगितलं, "उत्तमरावच्या घरी पांढरा हार गेला." हार गेला होता ते खरं. पण तो त्यांच्या वडिलांच्या फोटोसाठी होता, वर्षश्राद्धाचा. माय ते सांगायची राहिली, गजू विचारायचा राहिला. वरात त्यांच्या दारासमोर आली आणि गजूनं खालची फळी रिकामी केली. उत्तमराव ओट्यावर खाटेवर बसून शेंगा फोडत होते. त्या पोकळ झालेल्या गाण्यावरून त्यांचा आवाज सगळ्या रस्त्यानं ऐकला.

"कावून बे गज्या? मी मेलो का?"

लोक पोट धरून हसले. मीही हसले. गजूनं कान पकडले, बेस पुन्हा आणला, वरात पुढे गेली.

दिवाळीच्या आत उत्तमराव गेले. सकाळी दाढी करता करता खुर्चीतून कलंडले, बस्स. त्यांच्या दारात मैतीला जमलेल्या लोकांत कोणीतरी हळूच म्हणालं, गज्यानं त्या दिवशी बटन पिळलं होतं. वाक्य एवढंच. पण मी पाहिलं, ते ऐकल्यावर चार जण एकमेकांपासून जरा दूर सरकून उभे राहिले.

पुढच्या वरातीपासून नवरदेवाकडे कोणी पाहीना. बाया दारात यायच्या त्या गजूचा डावा हात पाहायला. तो हात कुठे जातो? कोणत्या घरापुढे जातो? खरोखर मौत झालेल्या घरासमोर त्यानं बटन पिळलं, तरी शेजारची दारं धाडकन लागायची. कोणी गाडी ठरवायला आलं की आधी अट घालायचं, "आमच्या आळीत बटनाले हात नाई लावायचा."

हेही एक वेळ समजू शकते मी. भ्यालेला माणूस काय वाटेल ते बोलतो. पण एक दिवस खेड्यावरचा एक धोतरवाला माझ्या दुकानात पत्रिका छापायला आला. गजू तिथंच बसला होता. पोराच्या लग्नाला गजूचीच गाडी पाहिजे म्हणाला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, शहाणं माणूस भेटलं. तो गजूजवळ सरकला.

"रस्त्यात माया चुलतभावाचं घर लागते. तठी जरा पिळजो."

"कोण गेलं त्यायच्याकडे?" गजूनं विचारलं.

"अजून कोणी नाई," तो म्हणाला.

गजू ओरडला नाही. "उठ," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. परत आला तेव्हा बुटांना माती लागली होती. ती त्यानं पुसली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी आठवडी बाजाराकडच्या एका म्हातारीनं निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं. बिचारी कित्येक वर्षं खाटेला खिळलेली. तिथून तो सरळ माझ्याकडे आला. पाणी मागितलं आणि पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

"काय म्हणे ती?"

"म्हणे, बाबू, माया दारापुढे एक डाव पिळ ना रे. लय झालं आता." तो पेल्यात पाहत होता. "वयनी, मी का यमराज हावो का वो?"

मी म्हटलं, पाणी पी.

त्याच्या पुढच्याच वरातीत त्यानं पहिल्यांदा हात वर केले. घरांच्या ओळी सुरू झाल्या की दोन्ही हात डोक्याच्या वर, पंजे उघडे. पाहा रे बाबांनो, माझे हात बटनावर नाहीत. नाचणाऱ्या पोट्ट्यांना वाटलं, गजूभाऊ रंगात आले! त्यांनीही हात वर केले. वरून तो आणि खालून ते, अख्खी वरात हात वर करून आळीतून चालली होती आणि दारांतल्या बाया सुटकेचा श्वास टाकत होत्या. गजूचा चेहरा मात्र कोणी पाहत नव्हतं. जिथं खरंच कोणी गेलेलं असे तिथं तो डोळे मिटून घ्यायचा, हात वरच. त्या घरात बेस घुसायचा.

सकाळचं "माय, कुठंसा हार गेला?" बंद झालं. मायला ते सहन झालं नाही. एकदा जेवताना तिनं त्याला फैलावर घेतलं, भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"काल त्या पोरीच्या दारातून धडाडा वाजवत गेला तू. तिचा नवरा जाऊन महिना नाई झाला. लाज वाटली नाई?"

"हात लावला तं लोक भेतात, माय."

एरवी शब्दावर शब्द चढवणारी सुभद्रामाय एवढंच म्हणाली, "भाकर घे अजून एक."

आता वैशालीचं सांगते. रामदासभाऊंची मुलगी, गजूच्या भिंतीपलीकडची. अर्धी आपल्या घरी वाढली, अर्धी मायच्या फुलांच्या टोपलीशी. तिचं पहिलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं, कारण त्या आठवड्यात नवरदेवाचे आजोबा वारले आणि दोष आला पोरीच्या पायगुणावर. तीन वर्षं कोणी दारात उभं राहिलं नाही. रामदासभाऊ रस्त्यानं खाली पाहून चालू लागले होते. मग चांदूर रेल्वेचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मामा एक नंबरचा शंकेखोर. गजूची कीर्ती त्याच्या कानावर कशी गेली कोण जाणे.

"दुसरा डीजे पाहा," तो म्हणाला.

"गजूदादाच वाजवन," वैशाली म्हणाली. "नाई तं वाजवूच नका."

शेवटी मामानं सगळ्यांसमोर अट घातली. मुलीच्या दारासमोर त्यानं बटनाला हात लावला तर आम्ही वरात तिथूनच फिरवू. बोलला तसं करणारा माणूस होता तो, त्याच्या तोंडावर दिसत होतं. गजूनं सगळ्यांसमोर शब्द दिला.

मायचा दमा त्या उन्हाळ्यात वाढला होता. लग्नाच्या दिवशी सकाळपासून ती भिंतीला टेकून वैशालीच्या वेणीचा गजरा ओवत होती. सुईत दोरा मी घालून द्यायची. चार फुलं ओवली की थांबायची, छाती भात्यासारखी वरखाली. गजूला गाडी काढायला तिनंच पिटाळलं. दुपारी गजरा पलीकडे पोचवून मी परत आले तर ती आडवी झाली होती. ओठ निळे. मी गजूला बोलावते म्हटलं, तिनं माझं मनगट धरलं.

"नको. त्याले सांगजो, शोभे... पोरीच्या दारात हात नको लावू म्हणा. काईबी झालं तरी."

"काही होत नाही माय, डॉक्टरला आणते मी."

"काईबी झालं तरी," ती पुन्हा म्हणाली.

नवऱ्याला डॉक्टरकडे पळवलं. मारुतीच्या देवळाकडून वाजण्याचा आवाज यायला लागला होता. नवरदेव पाया पडून निघाला होता. डॉक्टर यायच्या आधीच मायचा हात माझ्या हातात सैल झाला.

मी रडले नाही. कशी रडणार? भिंतीपलीकडे पोरीला हळद लागलेली, दारात मांडव. एक हुंदका पलीकडे गेला असता तर सगळं संपलं असतं. नवरा आणि डॉक्टर आले, मी दोघांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मायला जमिनीवर घेतलं, तिच्या टोपलीत उरलेली पांढरी शेवंती तिच्याच अंगावर पसरली, आणि दार ओढून घेऊन उंबऱ्यात उभी राहिले.

ऊन कलतं झालं होतं. गाडी वळणावरून आळीत आली, पुढे नाचणारे, मागे घोडी, घोडीच्या बाजूला मामा. गजूचे हात वर होते. त्याचं गाडीवरून नेहमीचं एक काम असे; आपल्या दारासमोर आलं की ओट्यावर बसलेल्या मायकडे पाहायचं, आणि माय टोपलीतलं एक फूल त्याच्याकडे भिरकवायची. त्यानं पाहिलं. ओटा रिकामा. टोपली उपडी. दारात मी.

त्याचे हात खाली यायला लागले. डावा हात बटनाकडे निघाला, मी पाहिला तो, आणि मामानंही पाहिला. मामानं घोडीचा लगाम धरला. पलीकडच्या दारात रामदासभाऊ ओवाळायच्या ताटाशेजारी उभे होते, त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

निरोप सांगायचा तरी कसा? त्या आवाजात माझी किंकाळीसुद्धा त्याला ऐकू गेली नसती. मी माझे दोन्ही हात वर केले. डोक्याच्या वर, पंजे उघडे, त्याच्यासारखेच. आणि त्याच्याकडे बघत मान हलवली. नाही. नको लावू.

त्याला दोन्ही गोष्टी कळल्या. माय गेली, आणि माय काय सांगून गेली. त्याचा हात बटनावर थबकला होता, तो त्यानं उचलला. दुसराही उचलला. नाचणाऱ्या पोट्ट्यांनी मला पाहून शिट्या मारल्या, पत्रिकावाल्या काकू नाचून राहिल्या म्हणे! त्यांनीही हात वर केले. गजूनं या वेळी डोळे मिटले नाहीत. त्या ओढून घेतलेल्या दाराकडे बघत राहिला, आणि गाडी मांडवापर्यंत पोचेस्तोवर मायच्या दारासमोरून बेस पूर्ण जोरात गेला.

वैशालीचं लग्न वेळेवर लागलं. आज तिला दोन मुलं आहेत, सुखात आहे. गजूनं तेराव्यानंतर गाडी, भोंगे सगळं देऊन टाकलं आणि अकोल्याला फुलबाजारात बसू लागला. त्याला वाजवताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

पण त्या संध्याकाळी गाडी पुढे सरकल्यावर मी दार ढकलून आत गेले होते. घराची भिंत मातीची, तरी भरून वाजत होती. खालच्या फळीवरचे गुंड-बगोणे एकमेकांवर आपटत होते. आणि जमिनीवर मायच्या अंगावर पसरलेल्या शेवंतीच्या पाकळ्या, सगळ्याच्या सगळ्या, हलून राहिल्या होत्या.